उजव्या हाताचं पाणी

माझ्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, एक तुळशीवृंदावन आहे. ते तुळशीवृंदावन आहे हे मला दर वेळी सांगावं लागतं. बँकेतल्या मुलीला ती किटली वाटली होती. शेजारच्या लहान मुलाने एकदा बराच वेळ निरखून कोंबडी म्हटलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकलं नव्हतं. मागे लोकपरंपरांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई माझ्याकडे येऊन गेल्या. त्यांनी माझा हात खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढले, किती अस्सल आहे हे म्हणाल्या, आणि गोंदवून घेताना एक स्त्री म्हणून मला काय वाटलं असं विचारलं. मी म्हटलं, दुखलं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

आमचा मळा नाशिकच्या बाहेर मखमलाबादच्या वाटेवर होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब आणि विहिरीच्या कडेला मेथी-कोथिंबीर. घर उजाडायच्या आत जागं व्हायचं. आधी विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज, मग पाटात पाणी पडल्याचा, मग आईच्या बांगड्यांचा. फुलं खुडून, पाट्या भरून, ओलं फडकं टाकून दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्या पाट्या सायकलला बांधायचा आणि पंचवटीच्या बाजारात घेऊन जायचा. घरात सगळ्याला झेंडूचा वास होता. उशीला, भाकरीला, माझ्या पुस्तकांनाही. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी गंगापूर रोडची मुलगी एकदा मला म्हणाली होती की तुझ्याजवळ बसलं की कुणाची तरी पूजा चालल्यासारखं वाटतं. ती हसली म्हणून मीही हसले. मी घरातली कॉलेजात गेलेली पहिली. त्यामुळे कॉलेजात कुठे हसायचं आणि कुठे नाही हे सांगणारं घरी कोणी नव्हतं.

घरात अण्णा, म्हणजे माझे वडील, कमी बोलत, आणि आई त्याहून कमी. बोलण्याचं सगळं काम आत्याकडे होतं. आत्या अण्णांची थोरली बहीण. तिला नवऱ्याने तरुणपणीच परत पाठवलं होतं आणि तेव्हापासून ती आमच्याकडे होती. घराण्याच्या रीती तिला तोंडपाठ. तिचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेले. सीतेचा पदर, विंचू, चौकटी, भावांची नावं. ते हात समोर धरून ती आम्हाला सांगायची की दागिने चोर नेतो, गोंदण वर देवापर्यंत बरोबर येतं. एवढ्या गोंदणाने तिला सासरी काय मिळवून दिलं होतं, तर माहेरची परतीची वाट. हे मला त्या वयातही दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि बोलणं वेगळं. बोलायची मला सवय नव्हती.

मी दुसऱ्या वर्षाला असताना सायखेड्याहून एक स्थळ आलं. मुलगा नाशिकलाच एका सरकारी कचेरीत कारकून होता, बी.कॉम. झालेला. त्यांना शिकलेली मुलगी हवी होती, कारण मुलाच्या साहेबाची बायको शिकलेली होती. आणि गोंदलेली हवी होती, कारण मुलाची आजी कोऱ्या हाताचं पाणी पीत नव्हती. या दोन्ही गोष्टी त्या लोकांच्या डोक्यात एकाच खुंटीला टांगलेल्या होत्या आणि त्यांना त्यात काही अडचण वाटत नव्हती. मुलाच्या आईने मला जवळ बसवलं, माझा उजवा हात धरून पालथा केला, उलथा केला, जशी बाजारात मेथीची जुडी खालून बघतात तशी.

"हात कोराच हे का?" ती अण्णांना म्हणाली. मला नाही.

आत्याला इतका आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. कोरा म्हणजे काय, आठ दिवसांत भरू, असं तिने जागच्या जागी सांगून टाकलं. अण्णांनी मात्र एक गोष्ट केली, आणि ती त्यांच्या मानाने मोठी होती. त्यांनी खाली बघत सांगितलं की पोरीची परीक्षा तोंडावर आहे; यंदा पास झाली तर तिला पुढचं वर्ष पुरं करू द्यावं आणि लग्न त्यानंतर; नापास झाली तर मग निकाल लागताच उरकू. सायखेड्याचे लोक हो म्हणाले. इतके पटकन म्हणाले की पोरगी पास होण्याची शक्यता त्यांनी धरलीच नव्हती हे मला कळलं. अण्णांना कळलं नाही. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या परीक्षेवर होतं, आणि परीक्षा लिहायची होती उजव्या हाताने.

गोंदणारी बाई रामकुंडाकडे बसायची. आत्या तिला टांग्यातून घेऊन आली. तिच्या तोंडात तंबाखू होती, आणि तिने दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुया लुगड्याच्या पदराला पुसल्या. पदराचा रंग काय होता ते मी सांगत नाही. वाटीत काजळ कालवलं. आत्याने माझा हात आपल्या मांडीवर दाबून धरला. तेव्हा मी म्हटलं, कदाचित त्या आठवड्यातलं ते माझं पहिलंच वाक्य असेल, "आत्या, डाव्या हातावर काढू दे ना. मला लिहायचंय."

"लिहिणं कुठं पळून चाललंय?" आत्या म्हणाली. "अन् सासूला पाणी काय डाव्या हातानं देशील?"

गोंदणारी हसली, शेजारच्या बायका हसल्या. विनोद बरा होता. पुढे मला तो फार उपयोगी पडला.

दुखण्याबद्दल मला फार लिहायचं नाही. दुखतं ते थोडा वेळ. खरा छळ नंतरचा होता, कारण ओलं गोंदण ही घराची मालमत्ता असते. हाताला हळद आणि तेल लावून मला पडवीत बाजेवर बसवलं आणि नियम सुरू झाले. पाणी लागू द्यायचं नाही. आंबट खायचं नाही, वांगं खायचं नाही, हरभऱ्याची डाळ तर बघायचीसुद्धा नाही, पू धरतो. विटाळशी बाईची सावली पडू द्यायची नाही, मग आमच्याकडे फुलं न्यायला येणाऱ्या माळीणबाईंना आत्या दारातूनच उघड उघड विचारायची आणि त्या बिचाऱ्या खाली मान घालून उत्तर द्यायच्या. मला सकाळ-संध्याकाळ मऊ भात, तूप आणि मुगाचं वरण. दादाला वाटायचं माझी चैन चालली आहे. बहिणीला तूप आणि मला भाकर-ठेचा, मीच गोंदवून घेतो आता, असं तो पाट्या उचलता उचलता म्हणायचा. येईल तो माझा हात बघायचा. कोणी म्हणे फिका आलाय, कोणी म्हणे बसेल. मी मांडीवर पुस्तक ठेवून वाचायचा प्रयत्न करायची, तर कोणीतरी पुस्तक बाजूला सारून खालचा हात बघायचं. पुस्तकात काय आहे असं मात्र कोणी विचारल्याचं आठवत नाही.

परवा माझ्या भाचीच्या मुलीने मनगटावर काहीतरी कोरून घेतलं. त्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळून, नळी दाबून मलम लावून, ती दोन दिवस हात उंच धरून फिरत होती आणि सगळ्यांना दूर व्हा म्हणत होती. दूर व्हा असं म्हणता येतं हे मला त्या वयात ठाऊक नव्हतं.

गुढीपाडवा जवळ आला होता. पाडव्याला झेंडूला भाव असतो आणि नेमकी विहिरीजवळच्या वाफ्यावर अळी पडली. दादाने पाठीवर पंप बांधून त्या वाफ्यावर फवारा मारला. तेव्हा ही औषधं आमच्याकडे नवीन होती. दुकानदार सांगेल त्याच्या दुप्पट घालायची अशी दादाची पद्धत. त्या संध्याकाळी त्याने जेवताना सगळ्यांना बजावलं की शेळीला त्या वाफ्याकडे जाऊ देऊ नका, पाला खाल्ला तर मरेल. शेळी दुभती होती. अण्णांनी उठून तिचा दोर आखूड केला, आत्याने तिला ज्वारीचा कडबा टाकला, आईने जाताना पुन्हा एकदा गाठ तपासली. शेळीची त्या घरात नीट काळजी घेतली गेली.

आता आम्हा फुलवाल्यांचा झेंडूच्या पाल्यावर फार विश्वास. कापलं, पाला चोळा. कान ठणकला, पाल्याचा रस पिळा. आत्याला माझ्या हातावरचा रंग फिका वाटत होता. सायखेड्याची माणसं पाडव्याला येणार होती आणि तुळस त्यांना दारातून दिसली पाहिजे होती. ओल्या गोंदणाला झेंडूच्या पाल्याचा रस लावला की हिरवागार रंग चढतो, हे तिचं शास्त्र. ती गेली, मूठभर पाला घेऊन आली, पाट्यावर वाटला आणि हाताला थापून वर फडकं बांधलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. गुडघे दुखत होते म्हणून लांब न जाता तिने तो पाला कुठून आणला असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिच्याही आलं नाही. शेळीचं तिच्या पक्कं लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. बोटं मिटेनात. अंगात ताप आला आणि खालून पिवळं पाणी फडक्यातून झिरपायला लागलं. आत्याने फडकं उचलून बघितलं आणि समाधानाने म्हणाली की रंग धरतोय. शेजारच्या एका काकांनी बैलाच्या खांद्याला लावायचा मलम आणून दिला. तोही लावला. कोणाच्याही उपायाला नाही म्हणायचं नाही, ही आमच्या घराची माणुसकी होती, आणि ती सगळी माझ्या एका हातावर थरांनी बसत होती.

पाडव्याला सायखेड्याचे लोक आले. पुरणपोळीचं जेवण झालं. मला अर्थातच खिचडी. जेवणानंतर मला बाहेर आणलं, फडकं सोडलं आणि त्या बाईने डोळे बारीक करून माझा हात पाहिला. सूज दिसत होती, पू दिसत होता, मी उभी राहताना भिंतीला टेकत होते तेही दिसत होतं. ती म्हणाली, तुळशीचं एक पान वाकडं आलंय. मुलाने खिशाला फाउंटन पेन लावलं होतं. बी.कॉम. झालेला माणूस, काहीतरी बोलेल असं मला वाटलं. खरंच वाटलं, मी त्याच्याकडे बघितलंही. तो घसा साफ करून अण्णांना म्हणाला, "हात दुखत असेल तर परीक्षा नाही दिली तरी आमची काही हरकत नाही."

हे तो चांगुलपणाने म्हणाला. त्याचा चेहरा तसा होता, काहीतरी देऊन टाकल्यासारखा. मी आयुष्यात पुढे पुष्कळ माणसं पाहिली, दुष्ट पाहिली, लबाड पाहिली. पण दुसऱ्याचीच वस्तू अशी उदार मनाने सोडून देणारी ती जात मला सगळ्यांत हलकी वाटते.

ते गेल्यावर आई फडकं बदलायला बसली. हे काम आत्याचं होतं, पण आत्या पोळ्या खाऊन आडवी झाली होती. आईने फडकं सोडलं आणि थांबली. मग तिने खाली वाकून माझ्या हाताचा वास घेतला. झेंडूच्या पाल्याचा वास मुळातच उग्र, त्याखाली दुसरं काही आम्हाला कोणाला कळलं नसतं. पण फवारणीनंतरचे दादाचे कपडे आई वेगळे धूत असे, त्यामुळे तो कुजक्या लसणासारखा वास तिच्या ओळखीचा होता. तिने आत्याला हाक मारली.

"वन्सं, पाला कुठला आणला?"

"कुठला म्हंजे? विहिरीजवळचा."

दादा ओट्यावर बसला होता. तो लगेच म्हणाला, "मी सांगितलं होतं, त्या वाफ्याकडं जाऊ नका म्हणून."

"शेळीचं सांगितलं होतंस," आई म्हणाली.

एवढंच. भांडण नाही, रडणं नाही. आत्या उठून, पाणी लावू नको, गोंदण जाईल, असं म्हणत मागे येत होती तोवर आईने मला पाण्याच्या पाटावर नेऊन बसवलं होतं आणि साबण लावून, वाहत्या पाण्याखाली हात धरून ठेवला होता. मी ओरडले. आईने हात सोडला नाही. मग ती मला नाशिकला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी हाताला चीर देऊन पू काढला, पट्टी बांधली, आणि सगळा वेळ आईकडे बघून अडाणी लोक, अडाणी लोक असं म्हणत राहिले. हात स्वच्छ धुतला होता म्हणून निभावलं हेही त्यांनीच सांगितलं, पण कोणी धुतला हे विचारलं नाही. परीक्षा होईपर्यंत या हाताने पेन धरायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या लेखी ते औषधाइतकंच साधं होतं.

मी कॉलेजात गेले. आजारी मुलांना पेपर लिहायला दुसरं कोणी मिळतं असं मी ऐकलं होतं. खिडकीतल्या कारकुनाने पट्टी बघून काय झालं विचारलं, आणि मी खरं सांगितलं. अजूनही मला खरंच सांगता येतं, तो माझा गुण नाही, मला दुसरं काही पटकन सुचत नाही. तो आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "प्लास्टर असतं तर विचारलं असतं साहेबांना. गोंदणाला लेखनिक दिला तर उद्या मेंदी काढून येतील." आत हशा पिकला. गंगापूर रोडची मुलगी माझ्या मागेच उभी होती. तीही हसली. या वेळी मी हसले नाही.

घरी येऊन मी डाव्या हाताने लिहायला लागले. आधी जमिनीवर कोळशाने, मग दादाच्या जुन्या पाटीवर, मग कागदावर. अक्षर पहिलीच्या पोराचं, तेही ढ पोराचं. आत्या म्हणायची की डाव्या हाताने विद्या कोपते. आई काही म्हणायची नाही; पण त्या दिवसांत फुलं खुडायला तिने मला एकदाही हाक मारली नाही आणि माझ्या वाटच्या ओळी स्वतः खुडल्या. पेपरात मी सगळ्यांच्या निम्मंसुद्धा लिहिलं नसेल. जेवढं लिहिलं तेवढं मात्र फापटपसारा न करता लिहिलं, कारण एकेका शब्दाला घाम फुटत होता. आज चांगलं लिहितात म्हणून ज्यांचं नाव घेतात त्यांची पुस्तकं वाचताना मला कधी कधी वाटतं, यांना एकदा डाव्या हाताने लिहायला बसवलं पाहिजे.

निकाल पुढे लागला आणि मी काठावर का होईना पास झाले. पण वैशाखातल्या त्या दुपारी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सायखेड्याचे लोक भर उन्हात फाट्यापासून चालत आले. टोप्या काढून घाम पुशीत, पदराने वारा घेत पडवीत बसले. बाईने बसल्या बसल्या माझा हात मागितला. खपल्या केव्हाच पडून गेल्या होत्या. खाली निळसर डाग राहिला होता, मधे कापल्याची पांढरी रेघ. ती बराच वेळ बघत राहिली.

"तुळस कुठं हे ह्यात?" ती म्हणाली. "बरं, राहू द्या. डाव्या हातावर परत काढून घेऊ लग्नाआधी. आमची सासू कशाला डावं-उजवं बघती."

मुलगा म्हणाला, पेपर डाव्या हाताने लिहिले असं ऐकलं, तेव्हा निकालाची वाट बघण्यात काही अर्थ नाही. त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि मग हळूच विचारलं की वैशाखात मुहूर्त कोणता उरलाय. मला वाटतं, वाईट माणसांपेक्षा चांगल्या माणसांच्या जमिनीकडे बघण्यानेच जगात जास्त लग्नं लागली असतील.

"पाणी आण गं पाहुण्यांना," आत्या म्हणाली. "उन्हाचे आलेत."

मी आत गेले. माठातून पेला भरला. माझा उजवा हात तोवर बरा झाला होता. तांब्या उचलता येत होता, भाकरी थापता येत होती. हे मी मुद्दाम सांगते आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की माझा नाइलाज होता. नाइलाज नव्हता. मी बाहेर आले, त्या बाईसमोर उभी राहिले, आणि पेला डाव्या हाताने पुढे केला. उजवा हात, तो डाग दिसेल असा, सरळ खाली सोडला होता.

बाई पेल्याकडे बघत राहिली. आत्या दबक्या आवाजात म्हणाली, उजवा हात घे. मी हलले नाही. मग मी पेला मुलाकडे वळवला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, ओठ सुकले होते. त्याचा हात उचलला गेला, अर्ध्यापर्यंत आला, मग त्याने आईकडे बघितलं आणि हात खाली घेतला. खिशाचं पेन नीट केलं.

"अण्णा, पोरीला वळण नाय," बाई उठत म्हणाली.

तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पाहुण्यांसमोर कधी येत नसे. ती आली, माझ्या डाव्या हातातला पेला घेतला, आणि उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत, सगळं पाणी पिऊन टाकलं. पदराने तोंड पुसलं.

"गार हाय," ती पाहुण्यांना म्हणाली. "माठ नवा हाय."